घरबसल्या काम : वाचलेला खर्च कोणाच्या पदरी पडतो?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आमच्या देवरूखच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचला. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत संगणकावर काम करणारी संगमेश्वर तालुक्यातील मुले गावी परतली. कोणी पडवीत, कोणी माळ्यावर बसून कंपनीचे काम करू लागला, तर कोणी रेंज मिळावी म्हणून सकाळीच सड्यावर जाऊन बसू लागला. वर्तमानपत्रांनी ही मोठी नवी गोष्ट म्हणून सांगितली. कापडाच्या धंद्यात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना मात्र तिचे फारसे नवल वाटले नाही. घरी बसून दुसऱ्याचे काम करून देणे ही आपल्या कारागिरांची फार जुनी रीत आहे.

नवल वाटले ते पुढे. त्याच वर्षी आम्ही आमचे शिवणकाम दुकानातून उचलून घरोघरी दिले आणि दोन वर्षांनी त्याचा खरा हिशेब आमच्यापुढे आला. तो हिशेब आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधू-भगिनींसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नवे नाव, जुनी रीत

मालेगाव आणि भिवंडीच्या विणकरांचा हातमाग घरातच असे. सूत व्यापाऱ्याकडून यायचे, कापड व्यापाऱ्याकडे जायचे आणि मधले सारे काम घरातील माणसे मिळून करायची. सोलापुरात हजारो स्त्रिया कंपनीच्या शाखेतून तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन जातात, घरी विड्या वळतात आणि मोजून परत देतात. या कामगारांसाठी १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. घरी विड्या वळणारी स्त्रीही कामगारच आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. ती कारखान्यात बसत नाही म्हणून तिचा हक्क नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाला. तेथील पद्धत व्यापाऱ्याने पाहण्यासारखी आहे. पीठ मळण्याचे काम संस्थेच्या शाखेत होते. बहिणी तयार पीठ तोलून घेऊन जातात, घरी लाटतात, वाळवतात आणि परत आणून देतात. पापड तपासून, तोलून मजुरी मिळते. शिवाय लाटणारी बहीण संस्थेची सभासद असल्याने नफ्यातही तिचा वाटा असतो. डाळ, मसाला, यंत्र, विक्री हा सगळा भार संस्थेवर आणि घरी फक्त हाताचे कौशल्य, अशी ही वाटणी आहे.

सांगायचा मुद्दा असा की, घरबसल्या काम चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. त्या कामाचा कोणता खर्च कोणाच्या अंगावर आहे, हे आधी पाहावे लागते.

फायदे खरे आहेत

फायदे आम्ही नाकारत नाही. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर जागेचे भाडे वाचते. बाजारपेठेतील जागा दिवसेंदिवस महाग होत आहे, आणि आठ मशिनी मांडायच्या तर एक स्वतंत्र खोली लागते. हंगाम असेल तेव्हा काम वाढविता येते, नसेल तेव्हा रिकाम्या खोलीचे भाडे भरावे लागत नाही. आमचा धंदा तर हंगामाचाच आहे. ईद, लग्नसराई, जूनमधील शाळेचे गणवेश आणि गणपती-दिवाळी सोडली तर बाकीचे महिने थंड असतात.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर घर, लहान मुले, आजारी माणूस सांभाळून चार पैसे हाती येतात. आपल्या समाजातील कित्येक बहिणी चांगले शिवतात, पण दिवसभर बाजारात जाऊन बसणे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना पसंत नसते. अशा बहिणींना घरीच काम मिळाले तर त्यांचा हुन्नर वाया जात नाही. वाडीवस्तीवरून देवरूखला येण्यात एसटीची वाट पाहण्यातच निम्मी सकाळ जाते, तीही वाचते.

आम्ही काय केले

आमच्या दुकानाच्या माडीवर शिवणकाम चालत असे. आठ बहिणी तेथे बसून परकर, गाऊन आणि शाळेचे गणवेश शिवीत. २०२० च्या टाळेबंदीत माडी बंद झाली. निर्बंध सैल झाल्यावर आम्ही विचार केला की, मशिनी त्यांच्या घरीच का पाठवू नयेत? मशिनी पोहोचविल्या, कटिंग आमच्याकडे ठेवले आणि कापलेले नग गठ्ठा बांधून द्यायला सुरुवात केली. माडी मालकाला परत दिली.

माडीवर असताना परकराला १६ रुपये शिलाई होती. घरी काम दिले तेव्हा ती आम्ही २० रुपये केली. नगामागे चार रुपये वाढ दिली, म्हणजे आपण मोठे औदार्य केले, असे आम्हाला वाटत होते. भाडे आणि वीजबिल वाचले, काम चालू राहिले, बहिणींनाही वाढ मिळाली. यात नुकसान कोणाचे, असे आम्ही चारचौघांत सांगतही होतो.

२०२२ च्या रमजानपूर्वी आमच्या कामातील सर्वांत साफ हाताच्या बहिणीने गठ्ठा घ्यायला नकार दिला. हंगाम तोंडावर आलेला. आम्ही जरा नाराजीनेच विचारले, “बेटी, दर तर वाढवून दिला आहे, मग अडले कोठे?”

ती म्हणाली, “चाचा, दर वाढवलात, पण धागा माझा, लाईट माझी, रिक्षा माझी. तुमच्या माडीवर होते तेव्हा हातात जास्त उरत होते.” आणि तिने मुलाच्या शाळेच्या वहीत लिहिलेला हिशेब आमच्यापुढे ठेवला.

वहीतील हिशेब

सर्वांना समजावे म्हणून आकडे थोडे गोल करून देतो. आठवड्याला ६० परकर धरू.

माडीवर : ६० परकर, दर १६ रुपये, मिळून ९६० रुपये. धागा, मशीन, वीज आमची. ती बाजारपेठेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहत असल्याने येण्याजाण्याचा खर्च नाही. म्हणजे ९६० च्या ९६० हातात.

घरी : ६० परकर, दर २० रुपये, मिळून १,२०० रुपये. त्यातून धागा ९० रुपये. सुया, तेल, बॉबिन २० रुपये. मोटार आणि दिव्याची वीज ४० रुपये. मशीन दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ५० रुपये. माणूस चालत येऊ शकते, पण परकरांचे बोचके डोक्यावर घेऊन चढाव चढता येत नाही; म्हणून आठवड्यात दोन वेळा रिक्षाने येणेजाणे, १२० रुपये. एकूण खर्च ३२० रुपये. हातात उरले ८८०.

म्हणजे २० रुपये म्हणून दिलेला दर तिच्या हाती पडेपर्यंत पावणेपंधरा रुपयांहूनही कमी झाला होता. वाढ दूरच, आठवड्याला ८० रुपयांची घट झाली होती. शिवाय गठ्ठा सोडणे, नग मोजणे, धागे कातरणे, घड्या घालणे ही कामे माडीवर आमचा पोऱ्या करीत असे. आता ती तिच्या अंगावर आली होती आणि त्याचा एक पैसाही तिला मिळत नव्हता.

तेव्हा आमच्या लक्षात आले की, माडीचा खर्च नाहीसा झालाच नव्हता. तो आठ घरांत वाटला गेला होता आणि आम्ही त्याला आपला नफा समजत होतो.

तिने काम सोडले. बाकीच्यांच्या हातून वेळेत माल निघाला नाही आणि त्या ईदला आमचा ठरलेला माल दुकानदारांना अपुरा गेला. हे नुकसान आमच्याच हिशेबाच्या चुकीचे होते.

एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे. दूरच्या वाडीवरून रोज एसटीने येणाऱ्या दोन बहिणींना घरचे काम फायद्याचेच पडले, कारण त्यांचे आठवड्यातील चार दिवसांचे भाडे वाचले. म्हणून सर्वांना एकच तराजू लावू नये. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा मांडावा.

जगात याचा विचार झालेला आहे

आम्हाला वाटले होते, ही आमच्या देवरूखची छोटी गोष्ट. परंतु जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच घरकामगारांविषयी, म्हणजे घरी बसून दुसऱ्याचा माल तयार करून देणाऱ्यांविषयी, १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. परंतु त्यासोबतची १८४ क्रमांकाची शिफारस व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. वीज, पाणी, संपर्क आणि मशीन दुरुस्तीचा खर्च कारागिराला भरून मिळावा. मशीन नीट करणे, माल निवडणे, सोडणे, बांधणे यात गेलेल्या वेळेचाही मोबदला मिळावा. आणि कामाच्या अटी लेखी द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. त्या बहिणीने शाळेच्या वहीत जे लिहिले होते, नेमके तेच!

आपल्याकडेही २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर त्याची दखल आहे. मात्र दर ठरतो तो दुकानाच्या गादीवर, आणि तेथे इमानदारी आपलीच लागते.

पैशात न मोजल्या जाणाऱ्या अडचणी

पहिली अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. कापडाला ओल लागते, पांढऱ्या परकरावर बुरशीचे ठिपके पडतात आणि मग दोष कोणाचा यावर वाद होतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले, त्याच दिवसांत दरडी कोसळून आंबा घाटाची वाहतूक बंद पडली. इचलकरंजीचा माल घाटापलीकडेच अडकला. अशा वेळी माडीवर निदान सगळे एकत्र असते तर असलेले काम वाटून घेता आले असते. घरोघरी मात्र कोणाकडे गठ्ठा पडून होता, तर कोणी रिकामी बसली होती.

दुसरी अडचण अशी की, बाई घरीच आहे म्हटल्यावर ती काम करीत आहे असे कोणी मानत नाही. पाहुणे आले, चहा हवा; मूल रडले, उठायला हवे. दिवसा राहिलेले काम मग रात्री मंद दिव्याखाली होते. टाके वाकडे जातात, डोळे बिघडतात.

तिसरी अडचण शिकण्याची. माडीवर नवी मुलगी जुन्या बाईच्या शेजारी बसून सहा महिन्यांत गळा काढायला शिकत असे. घरी एकटी बसणारी तेच ते परकर शिवत राहते. हुन्नर पुढे सरकत नाही, आणि दुसरीला काय दर मिळतो हेही तिला कळत नाही.

चौथी अडचण मुलांची. घरात गठ्ठा आला की काज-बटण, धागे कातरणे हळूहळू मुलांच्या हाती जाते. सुरुवातीला ती मदत वाटते, पुढे शाळा बुडते. काम देणाऱ्यानेही याकडे डोळेझाक करू नये.

काम देणाऱ्या बंधूंसाठी

त्या ईदनंतर आम्ही पद्धत बदलली. धाग्याचे कोन आता आम्ही घाऊक भावाने आणून गठ्ठ्यासोबत देतो. मंगळवार आणि शनिवार आमची स्कूटर सर्व घरी फिरते; तयार माल आणते, नवा गठ्ठा पोहोचविते. आठ रिक्षांचे काम एका फेरीत होते. मशीन दुरुस्त करणारा कारागीर ठराविक महिन्यांनी आमच्या खर्चाने सर्व घरी जातो. दर २० रुपयेच ठेवला. आता आठवड्याला सुया-तेल आणि वीज मिळून ६० रुपये वजा जाऊन १,१४० रुपये हातात उरतात, म्हणजे परकराला १९ रुपये. आमचा खर्च वाढला; पण बिघडलेले नग कमी झाले, माल वेळेवर येऊ लागला आणि ती बहीणही परत कामावर आली.

यासोबत चार गोष्टी पाळाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

१) प्रत्येक घरी दोन वह्या असाव्यात, एक तिच्याकडे व एक आपल्याकडे. तारीख, नग, दर, दिलेली रक्कम दोन्हींत लिहून सही करावी.

२) बिघडलेल्या मालाचा नियम आधी ठरवावा. कटिंगची चूक आपली, शिलाईची चूक तिची, आणि वाटेत भिजलेला माल ज्याच्या ताब्यात होता त्याचा. विडीच्या धंद्यात ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला काढण्यावरून किती तंटे होतात, हे सोलापूरच्या कामगारांना विचारावे.

३) मजुरी जिने काम केले तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात द्यावी, आणि ठरल्या दिवशी द्यावी. घाम गाळणाऱ्याचा मेहनताना अडवून ठेवलेल्या धंद्यात बरकत राहत नाही.

४) जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने शिलाईसाठी माल पाठविताना डिलिव्हरी चलन करावे आणि तो माल एक वर्षाच्या आत परत आल्याची नोंद ठेवावी. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या शिलाई कारागिराला सामान्यतः स्वतः नोंदणी करावी लागत नाही.

काम घेणाऱ्यांसाठी

प्रथम, दर ऐकून होकार देऊ नये. धागा, वीज, येणेजाणे, दुरुस्ती आणि बांधाबांधीचा वेळ वजा करून नगामागे काय उरते ते मांडावे. जे उरते तोच खरा दर.

दुसरे, विजेचे. महावितरणच्या दरपत्रकात महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरातील लहान व्यवसायाला घरगुती दराची सवलत ठेवलेली आहे. इंटरलॉक किंवा मोठी इस्त्री घेण्यापूर्वी आपले बिल पाहून कार्यालयात चौकशी करावी.

तिसरे, नोंदणीचे. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली. घरी काम करणारेही तीत येतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. कर्जाचा भाग वेगळा असून तो व्याजाचा आहे; ज्यांना तो नको असेल त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांपुरता विचार करावा.

चौथे, शक्य असेल तर महिन्यातून एकदा सर्व कारागीर बहिणींनी एकत्र बसावे. दर कळतात, नवे काम शिकता येते, आणि एकीवर गठ्ठ्यांचा भार असेल तर दुसरी उचलू शकते.

संगणकावरचे कामही याच तराजूत

आमच्याच घरातील एक मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम देवरूखला बसून करीत होता. पगार पूर्ण मिळत होता आणि पुण्याच्या खोलीचे भाडे वाचत होते, म्हणून सर्वजण खूश होते. मग इन्व्हर्टर आला, इंटरनेटचे दोन जोड आले, कारण एक बंद पडला तर दुसरा हवा. रात्री उशिरापर्यंत फोन वाजत राहिला, कारण घरी असलेल्या माणसाची सुट्टी कधी होते हे कोणालाच कळत नाही. आम्ही त्याला परकराचा हिशेब सांगितला. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसला. कंपनीची वाचलेली खुर्ची, वीज आणि जागा त्याच्या घरी आली होती. पुण्याचे भाडे वाचल्यामुळे त्याचा हिशेब फायद्यातच निघाला. परंतु मांडल्यानंतर निघाला, हे महत्त्वाचे.

वाचक बंधू-भगिनींनो, घरबसल्या काम ही आपल्यासारख्या डोंगराळ, पावसाळी आणि लहान बाजारपेठेच्या मुलखात मोठी सोय आहे. ती टिकवायची असेल तर दोन्ही बाजूंचा खर्च एकाच वहीत लिहिला पाहिजे. आपल्या दुकानातून जो खर्च कमी झाला, तो कोणाच्या घरी गेला, हे प्रत्येक व्यापाऱ्याने या हंगामापूर्वी एकदा स्वतः जाऊन पाहावे. आम्हाला ते पाहायला दोन वर्षे लागली आणि एका ईदचा माल गमवावा लागला.